चोविसावा ट्रॅक

पत्र्याच्या डब्यात रातकिडा कोंडावा आणि त्याने दम न घेता अर्धा तास किरकिरत राहावं, तसा तो आवाज होता. हेडफोन काढून टेबलावर ठेवला तरी हातभर अंतरावरून ऐकू येत होता.

"दादा, हा चोवीस नंबर खराब गेलाय. तेवीसवर तर काहीच नाही. दोन्ही टाकून देऊ?" माझी सहायक म्हणाली.

"टाक," मी म्हणालो.

मी या धंद्यात आलो तेव्हा टेपचा जमाना संपला होता. माझी सगळी उमेदवारी पडद्यावरच्या रंगीत पट्ट्यांवर झाली. तरीही आवाजावर पोट भरणाऱ्या माणसाने एवढा मोठा आवाज दोन सेकंद ऐकून 'टाक' म्हणावं, याची लाज अजून वाटते.

काम असं होतं. नव्वदच्या दशकातली एक मराठी टेलिफिल्म, अठ्ठेचाळीस मिनिटांची. तिचे संगीतकार आता हयात नाहीत आणि घरच्यांना त्यांच्या स्मृतिदिनाला ती दाखवायची होती. चित्राची बीटाकॅम टेप सापडली होती. तिच्या पहिल्या चॅनलवर संवाद शाबूत होते, दुसरा कोरा. संगीत घातलेली मिक्सची टेप वेगळी होती आणि ती कुठल्याशा पावसाळ्यात भिजून वाया गेली होती. उरलं होतं ते मूळ ध्वनिमुद्रण: दोन इंच रुंदीच्या, चोवीस ट्रॅकच्या टेपची दोन स्पुलं. टेपचा थर चिकट झाला होता, म्हणून ती आधी मंद उष्णतेत काही तास भाजून घ्यावी लागली. मग मुंबईतल्या एका जागी ती एकदाच वाजवून कॉम्प्युटरवर उतरवली गेली. आमच्याकडे आली ती हार्ड डिस्क. प्रत्येक स्पुलाच्या चोवीस फाइली, सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची तेवढी मोजमापं.

पुन्हा उतरवून घ्यायला टेप टिकेल याची खात्री नव्हती, आणि कार्यक्रम चार दिवसांवर आला होता.

बावीस ट्रॅक मांडले आणि पहिल्या प्रसंगाला संगीत लावून पाहिलं. वाड्याचं दार उघडतं, सतारीचा तुकडा येतो. अगदी नेमका. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. दहाव्या मिनिटाला सासरे ताट सरकवतात तिथे तबल्याची एक थाप आहे. ती ताट हलायच्या आधीच पडली, अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्त आधी. विसाव्या मिनिटाला बासरी सव्वा सेकंद लवकर आली. बाई अजून खिडकीपाशी पोचलेल्याच नव्हत्या आणि त्यांचं दुःख वाजून गेलं होतं.

"प्रत्येक तुकडा कापून नजरेने बसवू," सहायक म्हणाली. करता आलं असतं. पण कुठला सूर कुठल्या पावलावर पडावा हे संगीतकाराने ठरवलं होतं. ते आम्ही अंदाजाने ठरवायचं, आणि तेही त्यांच्या स्मृतिदिनासाठी?

रात्री दहाला मी त्या काळच्या रेकॉर्डिस्टना फोन केला. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"चोवीसवर काय आहे?"

"खराब गेलाय, काका. नुसती किरकिर."

पलीकडे क्षणभर शांतता.

"अरे बाबा, तो कोड आहे. पुसलास की काय?"

मी सहायकाकडे पाहिलं. तिने मान हलवली. ट्रॅक प्रोजेक्टमधून उडवला होता, पण हार्ड डिस्कवर मूळ फाइल होती.

*

कोड म्हणजे काय ते समजण्यासाठी आधी फिल्मच्या कडेची भोकं आठवावी लागतात. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला एका चित्रामागे चार भोकं. आवाजही तशाच भोकवाल्या चुंबकीय फिल्मवर घेतला आणि दोन्ही फिल्मा एकाच दांड्यावरच्या दातेरी चाकांवर चढवल्या की त्या एकमेकींना सोडून जाऊच शकत नाहीत. टेपला भोकं नसतात. ती दोन रुळांमधून घसरत जाते. कुठल्या क्षणी कुठला सूर हे सांगणारी एकही खूण तिच्या अंगावर नसते.

१९५६ मध्ये अँपेक्सचं व्हिडिओ टेपचं यंत्र आलं तेव्हा संपादकांवर हीच पाळी आली. टेपवर लोखंडाची बारीक पूड लावायची म्हणजे चुंबकीय खुणा उमटतात, त्या सूक्ष्मदर्शकातून बघायच्या आणि ब्लेडने कापायचं. तिकडे क्षेपणास्त्रांच्या चाचण्या नोंदवणाऱ्या टेपांवर मात्र वेळ लिहून ठेवण्याची पद्धत रुळत चालली होती. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ईको या कंपनीने तीच कल्पना व्हिडिओ टेपच्या संपादनासाठी आणली: प्रत्येक चित्राला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा एक नंबर द्यायचा आणि तो टेपवरच, एका वेगळ्या ट्रॅकवर, आवाज म्हणून भरून ठेवायचा. पुढे एसएमपीटीई या चित्रपट आणि टेलिव्हिजन अभियंत्यांच्या संस्थेने त्याचं प्रमाण ठरवलं आणि युरोपातल्या प्रसारकांनीही ते घेतलं. संगीतवाल्यांनी ते आपल्या चोवीस ट्रॅकच्या यंत्रावर आणलं. कडेचा ट्रॅक कोडला, आणि त्याची किरकिर गळून वाद्यात येऊ नये म्हणून शेजारचा रिकामा.

म्हणून तेवीस कोरा होता. तो कुंपणाचा मोकळा पट्टा होता.

*

आता काम सोपं वाटलं. मी जुन्या लॅपटॉपवर फाइली लावल्या, चोविसाव्या ट्रॅकची तार नव्या लॅपटॉपच्या माइकच्या जागी जोडली आणि तिकडच्या सॉफ्टवेअरला सांगितलं: या किरकिरीतून वेळ वाच आणि चित्र तिच्यामागे पळव. काही सॉफ्टवेअर असा आवाजातला कोड थेट वाचतात. काहींना तो मिडीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या, भाषेत करून द्यावा लागतो. ती सोय १९८७ पासून आहे आणि त्यात एका वेळेचे आठ तुकडे करून पाठवतात, म्हणून पूर्ण वेळ कळायला दोन फ्रेम जातात. माझं सॉफ्टवेअर पहिल्या जातीचं होतं. पडद्यावर आकडे धावू लागले, चित्र हललं, तबला वाजला. ताट आणि थाप एकदम. सहायकाने टाळी वाजवली.

आणि चित्राला उचकी लागली.

एकच झटका, जणू कोणी मागून ढकललं. मग सगळं सुरळीत. थोड्या वेळाने पुन्हा झटका. सहायकाने मोबाइलवर घड्याळ लावलं.

"चाळीस सेकंद," ती म्हणाली. मग पुन्हा, "चाळीस." तिसऱ्यांदाही चाळीस.

बिघाड असा वेळ पाळत नाही. तार सैल असती तर झटके कसेही आले असते. मी सेटिंग उघडून पाहिलं. कोड आणि आपलं घड्याळ यांच्यात एका फ्रेमचं, म्हणजे ४० मिलिसेकंदांचं अंतर पडलं की उडी मारून गाठायचं, असं तिथे लिहिलेलं होतं. चाळीस सेकंदांत चाळीस मिलिसेकंद. हजारात एक.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात गोष्ट उलगडू लागली. तबलावादकाला मात्रा माहीत असते आणि लयही. नववी मात्रा कुठली हे दोघांना ठाऊक असलं, पण एकाची लय किंचित चढी असली, तर दोघं समेवर वेगवेगळे पोचतात. कोड मात्रा सांगतो: हा एक तास, सात मिनिटं, बत्तीस सेकंद. लय सांभाळणं हे दुसऱ्या घड्याळाचं काम, सेकंदाला ४८,००० सॅम्पल मोजणाऱ्या घड्याळाचं. आमच्या मात्रा जुळत होत्या. लय चढी होती.

पण कोणाची लय? टेपची, फाइलीची, की माझ्या लॅपटॉपची?

*

हजारात एक हा आकडा पाहिल्यावर मी उगाचच खूश झालो, कारण तो ओळखीचा होता. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या यादीत '२९.९७' अशी एक चमत्कारिक गती असते. ती ३० पेक्षा बरोबर हजारात एक भागाने कमी. म्हणजे माझं सेटिंग चुकून अमेरिकन राहिलं असणार! उघडून पाहिलं. २५. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, १९८२ पासूनचं रंगीत दूरदर्शन पाल पद्धतीचं, आणि गती सेकंदाला सरळ पंचवीस फ्रेम. सेटिंग योग्यच होतं.

मग कोडच अमेरिकन असेल तर? ते एकदा डोळ्यांनी बघायचं ठरवलं. चोविसाव्या ट्रॅकचा वेव्हफॉर्म मोठा करत गेलो. किरकिरीचा गठ्ठा सुटला, पट्टे झाले, मग पट्ट्यांचे उंचवटे. टेपने कडा गोल केल्या होत्या, तरी दोनच रुंदीचे उंचवटे दिसत होते: एक रुंद, एक त्याच्या निम्मा. रुंद साधारण चोवीस सॅम्पलचा, अरुंद बाराचा.

इथे काकांचा दुसरा फोन कामी आला. "रुंद म्हणजे शून्य. दोन अरुंद मिळून एक. वर-खाली बघू नकोस, फक्त कुठे वळतंय ते बघ. तार उलटी जोडली तरी तो बोलतो."

मी चौकटीची वही घेतली. एका फ्रेममागे ८० खुणा. त्यातल्या २६ वेळेच्या, ३२ वापरणाऱ्याने हवं ते लिहायला मोकळ्या, सहा किरकोळ निशाण्यांच्या, आणि शेवटच्या सोळा म्हणजे फ्रेम संपल्याची ललकारी: दोन शून्य, ओळीने बारा एक, मग शून्य आणि एक. बारा एक एवढे ओळीने दुसरीकडे कुठेच येऊ शकत नाहीत, म्हणून फ्रेमचा शेवट गर्दीतही सापडतो. आणि दोन टोकं वेगळी असल्यामुळे टेप उलटी फिरवली तरी वाचणाऱ्याला दिशा कळते.

चोवीस अरुंद उंचवट्यांची ती रांग सापडली तेव्हा बारा वाजून गेले होते. तिच्यापुढची पहिली चार घरं फ्रेमच्या एकं स्थानाची. मी लिहिलं: शून्य शून्य शून्य एक. म्हणजे १. पुढची फ्रेम: एक शून्य शून्य एक. म्हणजे ९. पुढची: चारही शून्य. मग ८. मग ४. मग १२.

एक, नऊ, शून्य, आठ, चार, बारा. एकं स्थानी बारा येतात कसे? मी वही सहायकाकडे सरकवली आणि चहा टाकायला उठलो. पाणी उकळायच्या आत तिची हाक आली.

"दादा, उलटं वाचा. आधी लहान घर, मग मोठं."

शून्य शून्य शून्य एक, उजवीकडून वाचलं तर ८. मग नऊ दोन्हीकडून नऊच. मग ०, १, २, ३. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस, तेवीस. पंचवीस वर्षांपूर्वी नाहीतर तीस, कोणीतरी मोजायला सुरुवात केली होती आणि टेप अजून मोजत होती. आम्ही सेकंदाची घरं वाचली: बत्तीस. मिनिटं सात. तास एक. स्पूल पहिलं म्हणून तास एक, दुसऱ्या स्पुलावर दोन. त्या काळचा संकेत. हवं ते लिहायची बत्तीस घरं मात्र सगळी शून्य. काकांनी तिथे काही लिहिलं नव्हतं.

चोविसाव्या फ्रेमनंतर काय येतं ते पाहायचं होतं. श्वास रोखून पुढची ललकारी शोधली. चोवीसनंतर पंचवीस आला नाही. फ्रेम शून्य झाली आणि सेकंद तेहेतीस.

म्हणजे कोड पंचवीसचा. अस्सल देशी. मग अमेरिकेच्या बुटाचा ठसा आमच्या ओसरीवर आला कुठून?

*

गणित सोपं आहे. सेकंदाला ४८,००० सॅम्पल आणि २५ फ्रेम, म्हणजे एका ललकारीपासून दुसरीपर्यंत बरोबर १,९२० सॅम्पल. मी मोजले. १,९१८ भरले. चुकलो असेन म्हणून पुन्हा मोजले. १,९१७. पुढची फ्रेम १,९२०. मग १,९१८. टेप कधी तणावते, कधी सैलावते, म्हणून एखाद-दुसऱ्या सॅम्पलचा फरक चालायचाच. पण तो दोन्ही बाजूंना पडायला हवा होता. इथे तूट जवळपास रोजचीच होती.

"हे सगळं हातानेच करायचं का?" सहायकाने विचारलं, आणि दहा मिनिटांत एलटीसीडंप नावाचं एक मोफत साधन शोधून काढलं. ध्वनीची फाइल द्यायची, ते प्रत्येक फ्रेमचा नंबर आणि ती कुठल्या सॅम्पलवर सुरू झाली ते छापतं. तीन तास चौकटीच्या वहीत घालवल्यावर हे बघणं फारसं सुखाचं नव्हतं.

दहा हजार फ्रेम घेतल्या. १,९२,००,००० सॅम्पल यायला हवेत. आले १,९१,८०,००० च्या थोडे वर. पहिल्या स्पुलाच्या शेवटाकडून दहा हजार घेतल्या. तेच. दुसऱ्या स्पुलावरून घेतल्या. तेच. एका फ्रेमला सरासरी १,९१८.०८.

टेपने दगा दिला असता तर स्पुलाच्या आरंभी एक आकडा आला असता आणि अखेरीस दुसरा. एवढी नियमित चूक टेप करत नाही, स्फटिकाचं घड्याळ करतं. मी १,९२० ला १,९१८.०८ ने भागलं. उत्तर आलं १.००१.

आणि १.००१ ची जन्मतारीख मला ठाऊक होती.

अमेरिकेत काळा-पांढरा टेलिव्हिजन सेकंदाला तीस चित्रं दाखवायचा. त्यात रंग भरायचा होता, पण अट अशी की लोकांच्या घरातले जुने संच निकामी होता कामा नयेत. रंग वाहून नेणारी लहर जुन्या प्रक्षेपणातच कोंबावी लागली, आणि ती शेजारच्या आवाजाच्या लहरीत मिसळून पडद्यावर ठिपक्यांची जाळी उठवण्याचा धोका होता. आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ४.५ मेगाहर्ट्झवर ठरलेली होती. ती हलवली तर जुन्या संचांचा आवाज बिघडण्याची भीती. म्हणून अभियंत्यांनी आवाजाला हात लावला नाही, चित्राचीच गती हजारात एका भागाने कमी केली. ठिपके दबले. डिसेंबर १९५३ मध्ये ही पद्धत मंजूर झाली. तीसचे २९.९७ झाले आणि घड्याळाचा तास व चित्रांचा तास कायमचे वेगळे पडले. तासाला १०८ फ्रेमचं, म्हणजे ३.६ सेकंदांचं अंतर. ते भरून काढायला तिकडचा कोड दर मिनिटाला दोन नंबर गाळतो आणि प्रत्येक दहाव्या मिनिटाला गाळत नाही. चित्र एकही गळत नाही, नुसते आकडे गळतात. तिथी आणि वार यांचा मेळ घालायला आपलं पंचांग जे करतं त्याच जातीची ही युक्ती.

पण हे सगळं त्यांच्या घरचं. आमच्या वाड्यात, सतारीत, पंचवीसच्या कोडात हा हजाराचा एक भाग शिरला तो टेपवरून नव्हे. कोडच तसं सांगत होता. राहिली एकच जागा: टेप आणि फाइल यांच्यामधलं यंत्र.

सकाळी नऊला त्या मुंबईच्या ठिकाणी फोन लावला. उचलणारा मुलगा सज्जन होता.

"टेप उतरवताना कन्व्हर्टर कुठल्या घड्याळावर होता?"

"सिंक बॉक्सवर, सर. नेहमीसारखा."

"त्याच्यावर आकडा काय दिसतो, बघून सांगाल?"

पावलांचा आवाज गेला, परत आला.

"चार, सात, नऊ, पाच, दोन." मग जरा थांबून, "अरे. हा पुल-डाउनवर आहे."

तुमची टेप लावली त्याच्या आधी अमेरिकेतल्या एका मालिकेचं काम चालू होतं, तो म्हणाला. फिल्मची चोवीसची गती तिकडच्या टेलिव्हिजनसाठी हजारात एकाने उतरवावी लागते, आवाजालाही त्याच मापाने उतरवतात, आणि त्यासाठी सेकंदाला ४८,००० ऐवजी ४७,९५२ सॅम्पलचं घड्याळ लावतात. काम संपलं, बटण तसंच राहिलं. यंत्राने आमच्या टेपचे सेकंदाला ४७,९५२ सॅम्पल घेतले आणि फाइलीवर मात्र ४८,००० लिहिलं. आम्ही ती ४८,००० ने वाजवत होतो. संगीत धावत होतं.

कानाला हे कळलं कसं नाही? हजारात एक म्हणजे अर्ध्या स्वराचा जेमतेम साठावा भाग. सतार तेवढी चढली हे साक्षात वाजवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. कानाला जे ऐकू येत नव्हतं ते ऐकणारा सगळ्या टेपवर एकच ट्रॅक होता, आणि आम्ही तो पहिल्या तासातच हाकलला होता.

*

दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. कुठलाही सूर ताणला नाही, कापला नाही. फाइलीच्या पोटात सगळं ठीक होतं, कपाळावरचा आकडा तेवढा खोटा होता. तो पुसून ४७,९५२ लिहिला आणि मग रीतसर ४८,००० मध्ये बदलून घेतली. कोडचा पहिला नंबर चित्राच्या पहिल्या नंबरावर ठेवला. एवढंच एक पथ्य पाळलं की फ्रेमचा नंबर तिची ललकारी संपल्यावर कळतो, पण तो असतो ती फ्रेम सुरू झाली त्या क्षणाचा. ते विसरलं की सगळं एक फ्रेम उशिरा बसतं.

दार, सतार. ताट, थाप. खिडकी, बासरी. बाविसाव्या मिनिटापर्यंत आम्ही हूं की चूं केलं नाही.

बाविसाव्या मिनिटानंतर पहिलाच सूर अर्धा सेकंद आधी आला.

सहायकाने कपाळाला हात लावला. पण आता आम्हाला विचारायला माणूस होता. कोडची छापील यादी उघडली आणि बाविसाव्या मिनिटावर गेलो. एक तास, बावीस मिनिटं, नऊ सेकंद, तीन फ्रेम. मग एक तुटका नंबर, अर्धा वाचता येणारा. आणि त्यानंतर थेट एकोणीस फ्रेम. मधल्या चौदा फ्रेमांइतकी टेप अस्तित्वातच नव्हती.

"काका, बाविसाव्या मिनिटाला काय झालं होतं?"

ते मोठ्याने हसले. "तुला टेपने सांगितलं वाटतं! यंत्राने टेप खाल्ली होती. चुरगळली, म्हणून ब्लेडने काढून टाकली. दोन तुकड्यांमधली शांत जागा होती, संगीत गेलं नाही. कोड होताच, यंत्र पुढे आपोआप जागेवर यायचं."

चौदा फ्रेम म्हणजे ०.५६ सेकंद. त्या यंत्राची चाल सेकंदाला पंधरा इंच. मी हिशोब केला आणि विचारलं, "साडेआठ इंच काढलीत का?"

"पट्टी नाही लावली रे. वीतभर असेल."

माझ्या आकड्यांनी साडेआठ, त्यांच्या हाताने वीतभर. आम्ही चिरा पडलेल्या जागी फाइल तोडली, पुढचा भाग त्याच्या नंबरावर सरकवला, मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता राहू दिली. उरलेलं रीळ आणि दुसरं स्पूल अठ्ठेचाळिसाव्या मिनिटापर्यंत एका झटक्यात बसलं.

शेवटची नामावली संपली तेव्हा मुंबईच्या त्या मुलाचा मेल आलेला दिसला. क्षमा मागितली होती आणि लिहिलं होतं की स्पुलांच्या डब्यांचे फोटो पहिल्याच दिवशी पाठवले होते, मिळाले का? मिळाले होते. उघडलेच नव्हते. आता उघडले. पिवळट पुठ्ठ्यावर निळ्या पेनाने बावीस वाद्यांची नावं ओळीने, आणि खाली दोन ओळी: २३ रिकामा. २४ कोड, पुसू नये.

सहायकाने काही न बोलता प्रोजेक्ट पुन्हा उघडला. जुनी किरकिर कडांनी झिजली होती, म्हणून सॉफ्टवेअरकडून त्याच नंबरांचा नवा, धारदार कोड तयार करून घेतला आणि चोविसाव्या जागी ठेवला. तेवीस रिकामा सोडला. त्याची गरज आता उरलेली नाही, तरी सोडला. मग तिने चोविसाव्या ट्रॅकचं नाव बदललं. आधी तिथे तिने स्वतःच 'खराब' लिहिलं होतं.

आता तिथे काकांचे दोन शब्द आहेत.